आज रूथ, दुसरा अध्याय

“परवा शास्ते संपलं,” चौथीतली नात मला सांगते, आणि सुटल्यासारखा श्वास सोडते. तिच्या मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं जाड पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे. ती त्यात खुणेची लाल फीत शोधते आहे. “काल रूथचा पहिला झाला. आज दुसरा.”

नोव्हेंबरची २७ तारीख, संध्याकाळचे साडेसात. कोरपन्यातल्या एका गल्लीतलं हे दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत चटई अंथरली आहे. गुडघे दुमडत नाहीत म्हणून मावशी पाय लांब करून भिंतीला टेकून बसल्या आहेत. नोकरीच्या काळातली माझ्या आईची ही मैत्रीण. जन्म नगरचा, नर्सिंगचं शिक्षण तिकडच्याच मिशन दवाखान्यात. सरकारी नोकरीत बदल्या होत होत या टोकाच्या तालुक्यात आल्या आणि निवृत्तीनंतर इथेच राहिल्या. मुलगा सिमेंट कारखान्यात सेकंड शिफ्टला आहे, रात्री अकराशिवाय यायचा नाही. सून हात पुसत स्वयंपाकघरातून येते आणि सासूच्या शेजारी बसते. ठेक्याने केलेली चार एकर पऱ्हाटी हीच बघते. बी-खतापासून वेचणीच्या हिशोबापर्यंत सगळं हिच्याकडे. आज दिवसभर शेतात होती. ओढणीला कापसाचे तंतू अजून चिकटलेले आहेत.

“शास्तेचं पुस्तक अवघड गेलं का?” मी विचारते.

सून नातीकडे बघते, मग हळू आवाजात सांगते. शेवटचे तीन अध्याय फार वाईट आहेत. बेथलेहेमच्या एका बाईला गावगुंडांच्या हाती दिलं जातं, ती रात्रीत मरते, आणि तिच्यावरून सगळ्या वंशांत कत्तल होते. “एकोणिसावा अध्याय पोरगी झोपल्यावर वाचला. पण वाचला.”

गाळायचं नाही, हा मावशींचा नियम. रोज एक अध्याय, उत्पत्तीपासून ओळीने. आवडतो म्हणून कुठला अध्याय दोनदा नाही, नकोसा वाटतो म्हणून कुठला सोडून नाही. वंशावळीही वाचायच्या, लेवीयातले कुष्ठाचे नियमही वाचायचे. आणि जे वाचलं त्यातूनच प्रार्थना करायची, हा दुसरा नियम. त्या रात्री, ती बाई मेली तो अध्याय वाचल्यावर, कुणाला शब्द सुचेनात. त्या बाईचं नावही शास्त्रात दिलेलं नाही. शेवटी मावशींनीच प्रार्थना केली. नोकरीत असताना रात्री-अपरात्री दवाखान्यात आणलेल्या ज्या बाया त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्यासाठी. काहींची नावं त्यांना आठवत होती, ती त्यांनी घेतली. काहींची नावं कागदावर कधी आलीच नाहीत. सून म्हणते, “आई इतक्या वर्षांत हे कधी बोलल्या नव्हत्या. आमच्याशी नाही, देवाशीसुद्धा नाही.”

मी ख्रिस्ती नाही. पण लहानपणापासून या घरी येते आहे, आणि चटईवर बसल्यावर पाहुण्यांनीही एक ओवी वाचायची असते हे मला ठाऊक आहे. आता तर पुष्कळांच्या मोबाइलवर रोज सकाळी एक वचन येतं. ते बहुधा आश्वासनाचं असतं, मागे सूर्योदयाचं चित्र असतं. त्यानं धीर येतो, आणि धीर ही लहान गोष्ट नाही. तरी मला वाटतं, आपणच निवडलेल्या वचनातून आपल्याला हवी तीच प्रार्थना निघते. माझी तब्येत, माझा मुलगा, माझं पीक. ओळीने येणारा अध्याय तुमची सोय बघत नाही. तुम्ही ज्याचा विचारही केला नसता अशा माणसाला तो समोर आणून बसवतो.

सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावी मोरावियन मंडळींनी हेच वेगळ्या रीतीनं साधलं. १७२८ पासून तिथे रोज घरोघरी एक वचन पोचवलं जाई. १७३१ पासून वर्षभराच्या वचनांचं पुस्तक छापू लागले, ते आजही दरवर्षी निघतं. दिवसाचं जुन्या करारातलं वचन तिथे चिठ्ठी काढून ठरतं. तिथे चिठ्ठी, इथे ओळ. दोन्हीकडे निवड माणसाच्या हातून काढून घेतलेली.

दारात चपला वाजतात. समोरच्या बांधकामावरचा गवंडी आणि त्याची बायको आत येतात. ही जोडी आदिलाबादकडची. तो गवंडीकाम करतो, ती त्याच्या हाताखाली गारा-विटा देते. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर इथल्या कारखान्यांत चुनखडीचं सिमेंट होतं, आणि त्या सिमेंटवर दूरदूरच्या माणसांचं पोट चालतं. या जोडीजवळ तेलुगू बायबल आहे, परिशुद्ध ग्रंथमु, फडक्यात गुंडाळलेला. मराठी त्यांना समजतं, बोलतातही, पण वाचतात तेलुगू. इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. हा सगळा राजुरा मुलूख निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग थोडा काळ नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. सीमा हलल्या, बाजार आणि सोयरिकी होत्या तिथेच राहिल्या.

त्यांच्यामागून आणखी एक बाई येते आणि उंबऱ्याशीच टेकते. ती प्रार्थनेला आलेली नाही. प्रेशर मोजून घ्यायला आली आहे. मावशी अजूनही गल्लीतल्या बायांचं प्रेशर बघून देतात. ही पन्नाशीची, वेचणीला जाणारी. आज दिवसभर सूनबाईंच्याच शेतात होती. बोटांची टोकं बोंडाच्या काट्यांनी चिरलेली आहेत. मावशी तिला म्हणतात, “आत्ता चढलेलं दाखवेल. बस थोडी, दमानं मोजू.” ती बसते. तिच्या घरी देवघर आहे. यंदाच्या पहिल्या वेच्याआधी शेतात सीतादहीची पूजा तिनेच मांडली होती, सूनबाईंनी दही-भात नेला होता. तिला इथे परकं वाटत नाही आणि कुणी वाटूही देत नाही.

गाणं आधी. ‘उपासना संगीत’ उघडायची गरज पडत नाही, रेव्हरंड टिळकांचं पद आहे, सगळ्यांना पाठ. मावशींचा आवाज चिरका झाला आहे, तरी चाल त्याच धरून ठेवतात. नारायण वामन टिळकांची गोष्ट या भागात सांगण्यासारखी आहे. त्यांच्या हाती नवा करार आला तो विदर्भातून निघालेल्या गाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात भेटलेल्या एका परक्या प्रवाशानं तो दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले आणि तिथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाचता वाचता माणूस कुठल्या कुठे जातो, याचं याहून ठळक उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

पद संपतं. आता स्तोत्रं. ही या घरात सुनेनं आणलेली रीत. सून चंद्रपूरची, म्हणजे जुन्या चांद्याची. चांद्याला एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन आलं. पुढे नागपूरचे बिशप झालेले अलेक्झांडर वुड यांनी तिथेच वर्षानुवर्षं काम केलं. त्या मिशनची उपासना अँग्लिकन वळणाची. अँग्लिकनांच्या प्रार्थना-पुस्तकात स्तोत्रसंहितेतली सगळी १५० स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. मावशींच्या नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत असं वेळापत्रक नव्हतं. तिथे घरचं वाचन म्हणजे अध्यायामागून अध्याय. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात या दोन्ही परंपरा होत्या. कागदावरचं ते ऐक्य या चटईवर असं दिसतं. अध्याय सासूचा, स्तोत्रं सुनेची.

सत्ताविसाव्या संध्याकाळी येतात १२६ ते १३१. सहाही आखूड. यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंच्या स्तोत्रांपैकी ही. काही मराठीत, काही तेलुगूत, अशी वाटून वाचायची. १२६व्या स्तोत्रात रडत रडत बी पेरायला गेलेला माणूस पेंढ्या घेऊन हसत परततो. सून ते वाचते तेव्हा तिचा आवाज जरा अडखळतो. यंदा दुबार पेरणी झाली आहे. १२७वं आलं की गवंडी ग्रंथ जवळ ओढतो. घर बांधणाऱ्यांचे कष्ट देवावाचून वाया जातात, असं त्यात आहे. “हे माझं,” तो मला मराठीत सांगतो. दर महिन्याच्या सत्तावीसला या घरात हे स्तोत्र येतं, आणि कोरपन्यात असला तर तो चुकवत नाही.

१२९वं माझ्या वाट्याला येतं. मी आजवर कधी वाचलेलं नाही. छळ सोसलेल्यांचं स्तोत्र. पाठीवर नांगर फिरवल्याचं त्यात म्हटलं आहे. मग शेवटी एक चमत्कारिक चित्र येतं. छपरावर उगवलेलं गवत वाढण्याआधीच वाळतं. कापणाऱ्याची मूठही त्यानं भरत नाही. आणि अशा कापणीजवळून जाणारे लोक कापणाऱ्यांना आशीर्वादाचा शब्द देत नाहीत. मी वाचते आणि पुढे सरकते. माझ्या ते ध्यानातही राहत नाही. १३०वं खोल गर्तेतून मारलेल्या हाकेचं, १३१वं आईच्या कुशीत निवांत झालेल्या लेकराचं. ती दोन्ही गवंड्याची बायको एका दमात तेलुगूत वाचून टाकते.

आता रूथ. नात बोट ठेवून वाचते. मोठी नावं आली की थांबते. नामी आणि तिची मवाबी सून रूथ, दोघी विधवा, दुष्काळामुळे सोडलेल्या बेथलेहेमला परत आल्या आहेत. सातूची कापणी चालू आहे. रूथ म्हणते, मी सरवा वेचायला जाते. ती जाते ते शेत नेमकं बवाजाचं निघतं.

उंबऱ्यावरची बाई पुढे सरकते. “सरवा?”

नात मान हलवते.

“आमी जात होतो सरव्याले,” ती म्हणते. तिचं माहेर सिंदेवाहीकडचं, धानाच्या पट्ट्यातलं. “धान कापून नेलं का बांधीत लोंब्या पडून राहत. आमी पोरी सकाळीच जावो. मालक चांगला असला त काही म्हणे नाही. नाही त हाकलून दे.”

मावशी नातीच्या हातावर हात ठेवतात, वाचन थांबतं. मोशेच्या नियमशास्त्रातच तसं सांगितलं आहे, त्या म्हणतात. लेवीय १९ आणि अनुवाद २४. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. ते परक्याचं, पोरक्याचं, विधवेचं. रूथ विधवाही आहे आणि परकीही. “म्हणजे ती भीक मागायला गेली नव्हती. तिच्या हक्काचं होतं.”

“कायदा होता, तरी विचारून गेली,” सून म्हणते. “हाकलतील ही भीती होतीच ना.”

मी अशा बऱ्याच ठिकाणी बसले आहे जिथे शास्त्र वाचणारा एकटाच बोलतो. इथे तसं नाही, आणि मला वाटतं त्याचं मूळ या पुस्तकाच्या मराठीत येण्याच्या कहाणीतही आहे. मावशींच्या पेटीत आईकडून आलेली एक जुनी प्रत आहे, पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून एकटीनं सगळं शास्त्र मराठीत आणलं. खेड्यातल्या, जेमतेम वाचता येणाऱ्या बाईला कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं माप होतं. मुक्तीतल्या मुली-बायांनीच खिळे जुळवले, छपाई केली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. आयुष्याची अखेरची वर्षं त्यांनी या कामाला दिली होती. एका विधवेनं, टाकलेल्या आणि विधवा बायांना सोबत घेऊन, रूथची गोष्ट मराठीत छापली. ती गोष्ट उंबऱ्यावरच्या बाईला आपली वाटते, यात मला तरी नवल वाटत नाही.

नात पुन्हा वाचू लागते. चौथी ओवी. बवाज बेथलेहेमहून शेतात येतो आणि कापणाऱ्यांना पहिला शब्द बोलतो तो देवाच्या नावानं आशीर्वादाचा. कापणारेही त्याला तसाच आशीर्वाद देतात.

“थांब,” सून म्हणते.

ती नातीच्या मांडीवरचं शास्त्र आपल्याकडे वळवते, पानं चाळत स्तोत्रांपर्यंत जाते, १२९वं काढते आणि मला दाखवते. मघाशी मीच वाचलेली शेवटची ओवी. ज्या शेतापाशी कुणी आशीर्वादाचा शब्द उच्चारत नाही, ते शेत. आणि इथे हे दुसरं, जिथे मालकाच्या तोंडून तोच शब्द आधी निघतो. एकाची निवड प्रार्थना-पुस्तकाच्या तारखेनं केलेली, दुसऱ्याची मावशींच्या ओळीनं. आज सत्तावीस नसती, किंवा शास्तेच्या वेळी एखादी रात्र चुकली असती, तर दोन्ही शेतं एका संध्याकाळी शेजारी आलीच नसती. मी टीकाग्रंथ वाचलेले नाहीत, आणि कुणा पंडितानं हे आधीच टिपलेलं असेल. माझ्यासमोर मात्र ते दिवसभर पऱ्हाटीत उभ्या राहिलेल्या एका बाईला दिसलं.

“आई, तू शेतात गेल्यावर पहिलं काय म्हणते?” नात विचारते.

सून उत्तर देत नाही. उंबऱ्यावरची बाई देते, रागानं नाही, सांगितल्यासारखं. “‘किती जणी आल्या?’ असं म्हणते.”

बाहेर रस्त्यावरून कापसाची एक गाडी जिनिंगकडे जाते. ट्रॅक्टरच्या आवाजानं थोडा वेळ बोलणंच होत नाही. ते एका अर्थी बरं होतं.

मग पुढचं वाचन. बवाज गड्यांना ताकीद देतो की या मुलीला कुणी हात लावायचा नाही. तिला तहान लागली तर भरलेल्या घागरीतलं पाणी प्यायला सांगतो. जेवायला जवळ बोलावतो, हुरडा देतो. ती पोटभर खाते आणि उरलेला सासूसाठी बांधून ठेवते. गड्यांना तो आणखी एक गोष्ट सांगतो. नुसत्या पडलेल्या लोंब्या नाहीत, पेंढ्यांमधूनही मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाका. संध्याकाळी रूथ झोडपते तेव्हा सातू एफाभर निघतो.

“एफा म्हणजे किती?”

सुमारे २२ लिटर, मावशी सांगतात. “दीड बादली,” गवंड्याची बायको लगेच हिशोब करते. एका बाईनं एका दिवसात वेचलेलं. उंबऱ्यावरची बाई ओठ पुढे काढून मान हलवते. बरंच आहे, असं तिचं मत दिसतं.

अध्याय संपतो. आता कुणी बोलत नाही. ही शांतता मावशी लांबू देतात, पोरगी चुळबुळ करू लागेपर्यंत. प्रत्येकानं आज वाचलेल्यातली एक गोष्ट धरायची आणि तिथून देवाशी बोलायचं. लांब बोलायचं नाही. दुसऱ्यानं काय मागितलं यावर नंतर शेरा मारायचा नाही.

गवंडी पहिला. “प्रभुवा,” अशी सुरुवात करतो आणि पुढचं सगळं तेलुगूत. मला त्यातली गावांची नावं तेवढी ओळखता येतात. नंतर त्याची बायको मला सांगते, तो पाण्याच्या घागरीबद्दल बोलत होता. ज्या ज्या बांधकामावर मालकानं न मागता पाणी दिलं, त्या प्रत्येक घराचं नाव घेऊन आभार मानत होता. तिनं स्वतः प्रार्थना केली ती हात न लावण्याच्या ताकिदीवर. बाहेरगावच्या ज्या पोरी वेचणीला येतात, शेतातल्या खोपट्यात झोपतात, त्यांच्या रात्रींसाठी. मराठीत केली, आम्हा सगळ्यांना कळावी म्हणून.

नात डोळे घट्ट मिटून म्हणते, “हे देवा, रूथनं आजीसाठी खाऊ ठेवला तसा मी पण ठेवीन. पण शाळेतला नको, तो आधीच थोडा असतो.” कुणी हसत नाही.

सुनेची पाळी येते. ती बराच वेळ गप्प आहे. मग म्हणते, “प्रभू, उद्या शेतात गेल्यावर माझा पहिला शब्द हिशोबाचा नसू दे.” एवढंच. पुढे काहीतरी बोलायचं असतं तिला, ते राहतं.

मघाशी ज्या बाईनं ते बोलून दाखवलं ती तीन हातांवर बसली आहे. ती खाली बघते आहे, पायाच्या बोटानं उंबऱ्याची कड घासते आहे. देवापुढे बोललेलं वाक्य माणसाच्या कानावर पडलं की ते मागे घेता येत नाही. रोजच्या घरगुती प्रार्थनेचं बळ, मला वाटतं, पुष्कळसं इथे आहे. एकट्यानं मनातल्या मनात मागितलेलं सकाळपर्यंत विरून जाऊ शकतं. इथे साक्षीदार असतात, आणि ते उद्या सकाळी शेतात भेटणार असतात.

मावशी शेवटी. त्या बवाजाच्या दुसऱ्या आज्ञेवर बोलतात, पेंढीतून ओढून टाकण्याच्या. “प्रभू, पडलेलं द्यायला काही लागत नाही. ते आम्ही कधीचं देतो. बांधलेल्यातलं द्यायची बुद्धी दे.” मग कारखान्यातल्या मुलासाठी, सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला असलेल्या केरळच्या सिस्टरसाठी. ती कधीमधी इथे येऊन बसते. तिची मंडळी सिरो-मलबार. केरळातल्या त्या मंडळीचं चांद्याचं मिशन क्षेत्र १९६२ साली झालं, १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, पीठ बल्लारपूरला. तिचं रोजचं वाचन तिच्या मंडळीच्या पंचांगाप्रमाणे वेगळं असतं. ज्या दिवशी येते त्या दिवशी ती तिकडचंही वाचून दाखवते, आणि मग चटईवर तीन वाचनं होतात.

सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात, मराठी आणि तेलुगू एकाच वेळी. शब्द वेगळे, थांबण्याच्या जागा मात्र जुळतात. दिदाखे नावाचं पहिल्या काही पिढ्यांतल्या ख्रिस्ती मंडळीचं एक छोटं नियमपुस्तक आहे. त्यात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असं सांगितलं आहे. रोज तीनदा प्रार्थना करण्याची चाल त्याहूनही जुनी, दानीएलाच्या काळापासूनची. तो बाबेलमध्ये यरुशलेमच्या बाजूची खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. परक्या मुलखात. नोकरीसाठी घर सोडून आलेल्या मावशींना दानीएल फार जवळचा वाटतो, हे मला आईनं सांगितलेलं आठवतं.

आमेन होतं. दिवा मोठा केला जातो. मावशी पट्टा बांधून त्या बाईचं प्रेशर मोजतात. एकशे चाळीसच्या वर आहे. मीठ कमी कर, गोळी चुकवू नको, उद्या परत ये. सून सगळ्यांसाठी चहा टाकायला उठते, पण दारातच थांबते.

“आई, तुम्ही ते बांधलेल्यातलं म्हणालात.”

“म्हणाले.”

“आपला शेवटचा वेचा उरला आहे. ठेक्याचे पैसे त्यातूनच द्यायचे आहेत. बोंडअळीनं आधीच किती गेलं.” तिच्या आवाजात चीड नाही. तीच हिशोब ठेवते, म्हणून तीच बोलते. “उद्या पहिला शब्द मी चांगला बोलेन. तेवढं माझ्या हातात आहे. पऱ्हाटीचे तास सोडायचे म्हणजे घरातले पैसे.”

“मी कुठे सोड म्हणते आहे? मी देवाला म्हटलं.”

“ऐकलं मी.”

गवंडी चपला शोधतो आहे. हे घरचं बोलणं आहे, आपण निघावं, असं त्याला वाटतं. बायको त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवते. तिला ऐकायचं आहे.

सून दाराच्या चौकटीला टेकून मनाशी काहीतरी मोजते. धुऱ्याकडचे दोन तास सोडता येतील, ती अखेर म्हणते. कडेचेच आहेत. ज्या बाया वेचणीला येतात त्यांनी तो कापूस वेचावा आणि घरी न्यावा. वजन नाही, वाटा नाही.

उंबऱ्यावरची बाई प्रेशरच्या पट्ट्याचे वळ दंडावर चोळत उभी राहते.

“सोडाल त धुऱ्याचे नका सोडू, बाई,” ती म्हणते. “तिथं निंबाची सावली पडते, बोंडच धरलं नाही. मधातले सोडा.”

सून तिच्याकडे बघते. “मधातले दोन?”

“चार.”

“तीन,” सून म्हणते. “आणि उद्या सकाळी कुठले ते तूच दाखव.”